बाल्कनीतलं घरटं, सासूबाईंचे पारवे आणि मुलाची दुर्बीण

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात कोथरूडच्या एका जुन्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या ताईंच्या बाल्कनीत, टांगलेल्या कुंडीत बुलबुलाने घरटं केलं आहे. त्याच बाल्कनीच्या कठड्यावर त्यांच्या सासूबाई रोज सकाळी पारव्यांना ज्वारी घालतात आणि त्यावरून खालच्या मजल्याशी वाद पेटला आहे. ९ वर्षांचा मुलगा बुलबुल बघून दुर्बीण मागतो आहे. लहानपणी घरात येणारी चिमणी मात्र आता कुठेच दिसत नाही. या सगळ्याचं काय करावं आणि पक्षीनिरीक्षणाला सुरुवात कशी करावी?

ताई, आधी घरट्याबद्दल लिहिते. ते काम आजचं आहे, बाकीचं थांबू शकतं.

डोक्यावर काळा तुरा आणि शेपटीच्या बुडाशी लालभडक रंग म्हणजे हा लालबुड्या बुलबुल. मादी दोन किंवा तीन अंडी घालते, गुलाबीसर रंगाची, त्यावर तांबूस ठिपके. साधारण १२ ते १४ दिवस उबवणं आणि पिल्लं बाहेर आली की जवळपास तितकेच दिवस भरवणं, असा सगळा महिन्याभराचा मामला असतो. तेवढा एक महिना बाल्कनीचा तो कोपरा त्यांचा समजा. कपडे वाळत घालायचे तर दुसऱ्या टोकाला घाला. कुंडीला पाणी द्यावंच लागणार, पण ते वरून ओतू नका. मादी चरायला गेलेली असताना कडेने, बेताने द्या, घरटं ओलं होता कामा नये. बाल्कनीत पंखा असेल तर महिनाभर बंद. रोज उठून अंडी मोजायला खुर्ची लावू नका. विशेषतः अंडी असेपर्यंत पक्षी बिथरून घरटं सोडण्याची शक्यता जास्त असते. पिल्लं बाहेर आली की आईबाप सहसा सोडून जात नाहीत. आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. आपण घरट्याशी वारंवार गेलो की कावळ्याचं लक्ष तिकडे जातं. समोरच्या तारेवर बसलेला कावळा आपण कुठे कुठे डोकावतो हे नीट पाहत असतो. बाल्कनीच्या आत, काचेमागे खुर्ची टाकून बसा, तिथून सगळं दिसतं.

फोटोंचंही तेच. मोबाइल घरट्यावर नेऊन काढलेला पिल्लांच्या उघड्या चोचींचा फोटो मला कुणी पाठवला की मी त्याचं कौतुक करत नाही. त्या चोची भुकेने उघडलेल्या असतात, आणि फोटो काढणाऱ्यामुळे आई दूर थांबलेली असते.

पिल्लं घरट्यातून बाहेर पडतात तेव्हा त्यांना धड उडता येत नाही. शेपूट आखूड, पंख अर्धवट, दोन कुंड्यांच्या मध्ये तोल सांभाळत बसलेलं पिल्लू दिसलं की घरातल्या सगळ्यांना ते ‘पडलं’ असं वाटतं. ते पडलेलं नसतं. बाहेर पडल्यावरही आईबाप त्याला कित्येक दिवस भरवतात. अशा पिल्लाला डब्यात ठेवून दूधपोळी भरवली तर ते मरण्याचीच शक्यता जास्त. मांजर असेल तर उचलून जवळच्या दाट फांदीवर ठेवा आणि दूर व्हा. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते हा समज खोटा आहे. हात लागला म्हणून पिल्लू उचलायचं थांबू नका. मात्र अंगावर अजून पिसं नसलेलं, डोळे मिटलेलं पिल्लू खाली दिसलं तर ते खरोखर पडलेलं असतं, त्याला परत घरट्यात ठेवायचं. जखमी पक्षी असेल, उदाहरणार्थ संक्रांतीच्या मांजात पंख कापलेला, तर भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत जागी ठेवायचा. चोचीत पाणी ओतायचं नाही, खायला घालायचं नाही. महाराष्ट्र वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करायचा. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी तो विकला जातो आणि संक्रांत उलटून गेल्यावरही झाडांवर लोंबकळत राहतो. तुमच्या सोसायटीच्या झाडांवरचा तेवढा काढलात तरी पुष्कळ.

एक तयारी मनाची ठेवा. छोट्या पक्ष्यांची बरीच घरटी अपयशी ठरतात. कावळा, भारद्वाज, शिक्रा, मांजर, कुणी ना कुणी येतं. मुलाने सकाळी उठून रिकामं घरटं पाहिलं तर तो रडेल. त्याला खरं काय ते सांगा: भारद्वाजालाही पिल्लं असतात. बुलबुल हंगामात पुन्हा घरटं करतात, कधीकधी शेजारच्याच झाडावर. घरट्याला जाळी बांधून राखण करायला जाऊ नका. त्याने आईबापच बिथरतात.

आता सासूबाईंचे पारवे. हा प्रश्न नाजूक आहे, आणि ‘बंद करा’ एवढं म्हणून तो सुटत नाही हे मला ठाऊक आहे. पाखराला दाणा घालण्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांची भूतदया आहे, कुणाच्या नावाने तो दाणा घातला जातो, त्या वेळेला त्यांचा दिवस सुरू होतो. ते हिरावून घ्यायचं नाही. पण त्या दाण्याचं पुढे काय होतं ते त्यांना समजावून सांगायला हवं, आणि ते समजलं तर माझ्या अनुभवात बहुतेक आजी आपणहून बदलतात.

पारवा हा मुळात कड्याकपारीतला पक्षी. आपल्या इमारतींचे छज्जे, एसीच्या बाहेरच्या पेट्यांमागची फट, डक्ट, बाथरूमच्या खिडकीचा कोनाडा, हे त्याच्या दृष्टीने कडेच आहेत. त्यामुळे राहायला जागा त्याला शहरात भरपूर मिळते. आता खाण्याचं बघा. बहुतेक छोटे पक्षी, स्वतः फळं, मध किंवा दाणे खाणारे असले तरी, पिल्लांना अळ्या, कोळी, किडे भरवतात. बुलबुल भरवतो, मध पिणारा शिंजीर भरवतो, दाणे टिपणारी चिमणीही आपल्या पिल्लांना सुरुवातीला किडेच भरवते. पारवा आणि होला मात्र वेगळे. त्यांच्या गळ्यातल्या पिशवीत दह्यासारखा घट्ट स्राव तयार होतो, नराच्याही आणि मादीच्याही, आणि पिल्लं पहिले काही दिवस त्यावरच वाढतात. म्हणजे ज्वारी खाऊन पारवा थेट पिल्लं वाढवू शकतो, त्याला किडा शोधावा लागत नाही. म्हणून तो पावसाळा-उन्हाळा न बघता वर्षभर वीण करतो. कठड्यावर पडलेली मूठभर ज्वारी ही पारव्यांची संख्या वाढवण्याचीच सोय आहे. बुलबुल, दयाळ, शिंपी, शिंजीर यांच्या पिल्लांपर्यंत तिच्यातला एक दाणाही पोचत नाही. उलट छज्जे आणि भोकं पारव्यांनी अडवली की साळुंकी-चिमण्यांना जागा उरत नाही.

आणि माणसाची फुप्फुसं. पारव्यांच्या वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ सतत श्वासातून गेली तर काही जणांच्या फुप्फुसांना सूज येते, आणि ती जुनी झाली तर फुप्फुसं कायमची खराब होतात. प्रत्येकाला होत नाही, पण ज्याला होतं त्याला फार जड जातं. खालच्या मजल्यावर दम्याचं कुणी असेल तर त्यांचा राग अवाजवी नाही. मुंबईत २०२५ च्या पावसाळ्यात कबुतरखाने बंद करण्यावरून केवढं रान पेटलं होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. तुमच्या जिन्यातला वाद तिथवर जायला नको.

माझा सल्ला असा. दाणा एकदम बंद करू नका, दोन-तीन आठवड्यांत कमी करत न्या. पारवे आपोआप पांगतात, त्यांना पुण्यात खायला कमी नाही. त्याच वेळी सासूबाईंच्या हातात पाण्याचं काम द्या. मातीची पसरट परात किंवा कुंडीखालची थाळी, खोली इंच-दीड इंचाहून जास्त नको, आत एक खडबडीत दगड, म्हणजे लहान पक्ष्यालाही पाय टेकता येतो. जागा बुलबुलाच्या घरट्यापासून लांब, शक्यतो पानांच्या आडोशाला. रोज सकाळी जुनं पाणी झाडाला घालायचं, थाळी काथ्याने घासायची, साबण नको, आणि ताजं पाणी भरायचं. डासांची भीती घालणाऱ्या शेजाऱ्यांना सांगा की अंड्यापासून डास व्हायला आठवडाभर तरी लागतो. रोज पाणी बदललं तर डास होतच नाहीत. एप्रिल-मेच्या पुण्यात, पारा चाळिशीला टेकलेला असताना, त्या थाळीवर दुपारभरात कोण कोण येतं ते त्यांना बसून बघू द्या. मी अशा अनेक आजी पाहिल्या आहेत ज्यांना काही आठवड्यांत पाहुणे ओळखीचे झाले आणि ‘तो छातीवर रेघ असलेला आज आला नाही’ अशी चौकशी त्या करू लागल्या.

पारव्यांसाठी जाळी बसवणार असाल तर बुलबुलाची पिल्लं उडून गेल्यावरच बसवा, त्याआधी नाही. जाळी ताणून बसवलेली हवी. सैल जाळीत पाय अडकून उलटा लटकलेला पक्षी सोडवणं ही फार क्लेशाची गोष्ट असते. आणि छज्ज्यांना लावायचा तो चिकट जेल अजिबात वापरू नका. पारवा त्यातून निसटतो, पण चिमणी किंवा शिंजीर चिकटून तडफडतो. साठलेली विष्ठा झाडायची वेळ आली तर आधी पाणी मारून ओली करा, तोंडावर मास्क बांधा, कोरडी झाडू नका.

शेव, फरसाण, बिस्किटं, पाव, मीठ घातलेला भात, हे कुठल्याच पक्ष्याला नको. शिंजीराला साखरेचं पाणी टांगणंही मला पसंत नाही. उन्हात ते आंबतं, बुरशी धरतं, आणि फुलं लावणं हा त्याहून कितीतरी चांगला मार्ग आपल्या हातात आहे.

झाडांकडे येते, कारण पक्षी बोलावण्याचा खरा उपाय तोच आहे. बाल्कनीत कुंडीत जास्वंद, अडुळसा, कोरांटी, हमेलिया यांपैकी दोन जरी लावली तरी जांभळा शिंजीर आणि जांभळ्या पाठीचा शिंजीर हमखास येतात. कढीपत्ता वाढू द्या, त्याची पिकलेली फळं बुलबुल आणि कोकीळ आवडीने खातात. शिवाय त्याच्या पानांवर वाढणाऱ्या फुलपाखराच्या अळ्या म्हणजे पक्ष्यांसाठी आयतं जेवण. लिंबाचंही तसंच. खाली सोसायटीच्या आवारात जागा असेल तर तुती, शेवगा, उंबर, पांगारा. उंबराला फळं धरली की तांबट, हळद्या, साळुंक्या, कोकीळ सगळे त्या झाडावर असतात, आणि फेब्रुवारीत पांगारा किंवा काटेसावर फुलली की मध्य आशियाकडून आलेल्या भोरड्यांचे थवे त्यावर तुटून पडतात. शोभेची परदेशी झुडपं, जी कीड लागत नाही म्हणून नर्सरीवाला विकतो, ती पक्ष्यांच्या दृष्टीने जवळपास रिकामी. कीड न लागणारं झाड म्हणजे पिल्लांना भरवायला काही नसलेलं झाड. दर महिन्याला आवारात फवारणी करणारी सोसायटी आणि ‘हल्ली पक्षी येत नाहीत’ म्हणणारी सोसायटी बहुधा एकच असते. वाळलेली पानं झुडपांखाली पडू द्या. दयाळ आणि सातभाई तीच पानं उलथून किडे काढतात. बाल्कनीच्या वरच्या कोपऱ्यातली कोळ्याची जाळी सगळीच्या सगळी काढू नका. शिंजीराची मादी आपलं लोंबतं घरटं कोळ्याच्या जाळ्यानेच बांधते, वरून सालपटं आणि अळ्यांची विष्ठा चिकटवते, आणि दारावर छोटासा छज्जाही काढते. असं घरटं डोअरबेलच्या वायरीला लोंबताना दिसतं, आणि घाईत असलेल्या माणसाला तो निव्वळ कचरा वाटतो.

चिमणीबद्दल सगळ्यात जास्त लोक विचारतात, आणि त्यात दुःख असतं. मोबाइल टॉवरमुळे चिमण्या संपल्या, हे इतकं पसरलं आहे की खरी कारणं मागे पडली. देशभरच्या पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवरून २०२० मध्ये भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा मोठा अहवाल निघाला, त्यात चिमणी एकूण देशात साधारण टिकून आहे, मोठ्या शहरांतून मात्र कमी झाली आहे, असं दिसलं. म्हणजे शहरात काहीतरी बदललं. वाड्यांमध्ये कौलांखाली, आढ्याला, देव्हाऱ्याच्या वर, भिंतीवरच्या तिरक्या तसबिरीमागे चिमणी घरटं करायची. सिमेंटच्या सपाट इमारतीत तिला भोक नाही. अंगणात सूप पाखडलं जायचं, निवडलेलं धान्य सांडायचं. आता सगळं पिशवीत बंद येतं. झुडपांची कुंपणं गेली, त्याबरोबर पिल्लांचे किडे गेले. धुळीत आंघोळ करायला उघडी माती नाही, सगळीकडे पेव्हर ब्लॉक. मंडईच्या आसपास, जुन्या बाजारांत, किराणा दुकानांच्या फलकांमागे या गोष्टी थोड्याफार उरल्या आहेत, तिथे चिमण्याही आहेत. कधी सकाळी मुलाला घेऊन त्या भागात चक्कर मारा, आणि दुकानांच्या पाट्यांच्या वर बघा.

घरटंपेटी लावायची तर लाकडी लावा, पुठ्ठ्याची पावसात जाते. तोंडाचं भोक सव्वा ते दीड इंच. दोन इंच केलंत तर साळुंकी शिरेल. भोकाखाली बसायला काडी लावू नका, चिमणीला तिची गरज नसते आणि कावळ्याला मात्र उपयोग होतो. आठ-दहा फूट उंचीवर, पश्चिमेचं ऊन लागणार नाही अशा जागी, छताच्या पंख्यापासून लांब. चिमण्यांना शेजार लागतो, म्हणून थोड्या अंतरावर दोन-तीन पेट्या असलेल्या बऱ्या. पण तुमच्या गल्लीत चिमणी अजिबातच नसेल तर पेटी रिकामी राहील. आधी झुडूप, माती, पाणी यांच्याकडे बघा. २० मार्चला जागतिक चिमणी दिन असतो, त्याची सुरुवात २०१० मध्ये आपल्या नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांनी केली. त्या दिवशी पेट्या फुकट वाटल्या जातात, फोटो निघतात. पेटी टांगल्यावर हंगाम संपला की ती उतरवून साफ करायची असते, हे वाटणाऱ्यांनी सांगायला हवं, ते क्वचित सांगतात.

आता मुलाकडे. त्याने स्वतःहून दुर्बीण मागितली आहे, ही फार आनंदाची गोष्ट. थोर पक्षीशास्त्रज्ञ सलीम अलींच्या आयुष्याला वळण मिळालं तेही लहानपणी, छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या पिवळ्या गळ्याच्या एका चिमणीमुळे. ती कोणती हे विचारायला ते मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि तिथल्या मिलर्ड साहेबांनी त्यांच्यापुढे पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे कप्पे उघडले. आज बंदूक लागत नाही, दुर्बीण पुरते. मोठ्यांसाठी मी डोळे झाकून ८×४२ सांगते. ८ म्हणजे किती पट मोठं दिसणार, ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये, जितका मोठा तितका उजेड जास्त. १० पट घेतलं की हात हलला तरी चित्र हलतं आणि दिसणारा परिसर अरुंद होतो, नवख्याला पक्षी सापडतच नाही. ९ वर्षांच्या मुलाला मात्र ८×३० किंवा ८×३२ बरी, वजनाला हलकी असते. दुकानात त्याला सोबत न्या आणि दोन नळ्या त्याच्या डोळ्यांइतक्या जवळ येतात का ते बघा. मुलांच्या डोळ्यांतलं अंतर कमी असतं, पुष्कळ दुर्बिणी तेवढ्या मिटत नाहीत, आणि मग मूल एकाच डोळ्याने बघत राहतं. चष्मा असेल तर डोळ्याकडची रबरी कड दुमडून किंवा फिरवून आत करायची. पाच ते दहा हजारांत कित्येक वर्षं चालेल अशी दुर्बीण येते. झूमवाली नको, रस्त्यावर मिळणारी ‘५० पट’वाली तर मुळीच नको. एकच कडक नियम: दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही बघायचं नाही.

वापरायची रीत लहानपणीच लागली तर जन्मभर पुरते. आधी नुसत्या डोळ्यांनी पक्षी पकडायचा, नजर त्याच्यावरून हलवायची नाही, आणि तशीच दुर्बीण डोळ्यांपाशी आणायची. दुर्बीण लावून फांद्या धुंडाळत बसलं तर काही हाती लागत नाही.

ओळखायला शिकताना रंग सगळ्यात शेवटी. आधी आकार. चिमणी, बुलबुल, साळुंकी, पारवा, कावळा, घार, एवढे सहा मनात पक्के करायचे आणि नवा पक्षी दिसला की यातल्या कुणाएवढा, कुणाहून लहान, हे आधी ठरवायचं. मग चोच: किडे टिपणारी बारीक, दाणे फोडणारी जाड, मधासाठी वाकडी. मग तो काय करतो आहे. शेपूट वरखाली करत जमिनीवर चालतो तो परीट, शेपूट उभी ठेवून झुडपात उड्या मारतो तो शिंपी, तारेवरून झेपावून परत त्याच जागी येतो तो कोतवाल किंवा वेडा राघू. रंगावर विसंबलं तर फसायला होतं. जांभळ्या शिंजीराचा नर विणीनंतर आपला झळाळता रंग टाकतो आणि मादीसारखा पिवळसर होतो, छातीच्या मधोमध फक्त एक गडद पट्टा उरतो. पावसाळा सरता सरता पुष्कळ जण मला त्याचा फोटो पाठवून ‘हा नवा पक्षी कोणता’ विचारतात. कोकिळेची मादी ठिपक्याठिपक्यांची, करडी-तपकिरी असते आणि ती कुहू म्हणत नाही, चिरकं किक-किक-किक करते.

आणि कान. शहरात आधी ऐकू येतो, मग दिसतो. पहाटे अंधार असतानाच शीळ घालतो तो दयाळ, फेब्रुवारीपासून त्याचा गळा मोकळा होतो. भर दुपारी एका लयीत टुक-टुक-टुक चालू असतो तो तांबट. एवढासा जीव आणि केवढा आवाज असं वाटलं की तो शिंपी. मेअखेर ढग जमले की पावशा ‘पेरते व्हा’ सुरू करतो. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचं मर्लिन हे मोफत ॲप आवाज ऐकून पक्ष्याचं नाव सुचवतं, आपले बरेच पक्षी त्यात आहेत. वापरा, पण त्याने नाव दाखवलं म्हणजे पक्षी ओळखला असं मुलाला वाटू देऊ नका. पक्षी डोळ्यांनी दिसेपर्यंत ते नाव कच्चं. दयाळ दुसऱ्यांच्या नकला करतो, कोतवालाच्या जातीतले काही पक्षी तर फारच करतात, आणि ॲप फसतं. त्याच ॲपमधला आवाज मोठ्याने लावून पक्षी बोलावायचा प्रकार मात्र घरात सुरू होऊ देऊ नका. नराला वाटतं हद्दीत दुसरा नर घुसला, तो भरवायचं सोडून भांडायला येतो. खिडकीच्या काचेवर किंवा गाडीच्या आरशावर बुलबुल, शिंजीर चोची मारतात तेही याच कारणाने. त्या दिवसांत आरशावर फडकं बांधा आणि काचेला बाहेरून कागद लावा, सुटतो बिचारा.

मुलाला एक वही द्या. तारीख, वेळ, जागा, पक्षी, तो काय करत होता, एवढं पुरे. चित्र काढलं तर उत्तम. पहिलं वर्ष बाल्कनी आणि सोसायटीचं आवार सोडून फार कुठे नेऊ नका, असं मी आग्रहाने सांगते. भिगवणला रोहित दिसतात, सिंहगडच्या खोऱ्यात स्वर्गीय नर्तक दिसतो, पाषाण तलाव आणि कवडी पाट तर हाकेवर आहेत. तिथे जायचंच आहे. पण आधी ओळखीचे वीस-पंचवीस पक्षी आवाजासकट पक्के झाले तर तिथे गेल्यावर नवा पक्षी लगेच वेगळा जाणवतो. ते झाले नसतील तर मूल फक्त मोठ्यांच्या बोटाकडे बघत राहतं. शिवाय एकाच जागी वर्षभर पाहिलं तर येणंजाणं कळतं: परीट कधी आला, थिरथिरा कधी दिसला, कावळ्याचं घरटं केव्हा झालं आणि त्यातून पावसात कोकिळेचं पिल्लू कसं ‘का का’ करत कावळिणीच्या मागे लागलं. जूनच्या सुरुवातीला एखाद्या रात्री दमलेला नवरंग शहरातल्या बाल्कनीत येऊन पडतो असंही घडतं. तो आजारी नसतो, पावसाबरोबर स्थलांतर करत आलेला असतो. खोक्यात अंधारात विसावू द्यायचा, हेल्पलाइनला विचारायचं, धडधाकट असेल तर पहाटे झाडी असलेल्या ठिकाणी सोडायचा.

वही थोडी भरली की त्याच नोंदी ई-बर्डवर, म्हणजे पक्षीनिरीक्षकांच्या नोंदी जमवणाऱ्या संकेतस्थळावर, टाकायला शिकवा. दिसले ते सगळे पक्षी, अगदी कावळा-पारव्यासकट, किती वेळ पाहिलं त्यासह लिहायचे. वर सांगितलेला अहवाल अशाच नोंदींतून तयार झाला. दर फेब्रुवारीत चार दिवस परसातल्या पक्ष्यांची जगभर गणना होते, भारतात ती २०१३ पासून होते, पंधरा मिनिटं बाल्कनीत बसूनही तिच्यात भाग घेता येतो. आणि ५ ते १२ नोव्हेंबर हा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो. ५ तारखेला मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस, १२ ला सलीम अलींचा. राज्य सरकारने २०२० पासून तो सुरू केला. त्या आठवड्यात पुण्यात ठिकठिकाणी पक्षीफेऱ्या निघतात, मुलाला त्याच्या वयाचे सोबती तिथे भेटतील.

पिंजऱ्यातला पोपट किंवा मुनिया मात्र कुणी भेट म्हणून आणली तर घेऊ नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपले पक्षी पाळणं गुन्हा आहे, आणि रंगवलेल्या मुनियांचा व्यापार किती निर्दय आहे हे लिहायला बसले तर दुसरा लेख होईल.

शेवटी एक काम सोसायटीच्या बैठकीत मांडा, कारण ते एकट्या घराने होत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर, एप्रिल-मेमध्ये, फांद्या पडू नयेत म्हणून सगळीकडे छाटणी होते, आणि नेमकी तीच बहुतेक पक्ष्यांची वीण. करवतीखाली किती घरटी जातात याचा हिशेब कुणी ठेवत नाही. धोकादायक फांदी काढावीच लागते, पण ती कोणती हे ऑक्टोबरमध्येही ठरवता येतं. शहरी झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे, महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी लागते. अर्ज दिवाळीच्या सुमाराला द्या, फांद्यांचे फोटो जोडा, आणि नोव्हेंबर ते जानेवारीत छाटणी करून घ्या. घारीचं घरटं मात्र हिवाळ्यातच असतं, तेव्हा शेंडा आधी दुर्बिणीने तपासा. वाळकी फांदी खाली कुणाच्या डोक्यावर येणार नसेल तर बुंध्यापासून तीन-चार फूट ठेवायला सांगा. तांबट आपलं घर अशाच मेलेल्या लाकडात कोरतो, आणि त्याने सोडलेल्या भोकात पुढे चिमणीसुद्धा राहते. ठेकेदार म्हणेल की पूर्ण कापणं सोपं आहे. त्याच्या कामाच्या दिवशी कुणीतरी खाली उभं राहा.